चार नंबरचं घर

"माह्याच घरात तिकीट काढून जाऊ? तूच जा!" म्हणत दसरूनं फाटकाबाहेरच्या बाकावर बैठक मारली. थोरल्या भावापुढे सुकरीचं कधी चाललं होतं, म्हणून आज चालेल! एका हातात तिकीट, दुसऱ्या हातात नकाशा घेऊन ती आपल्याच गावात शिरली.

गाव कसलं, जंगलातली रिकामी घरं. माणसं उठवून रस्त्याकडेच्या वसाहतीत नेली, आणि मातीच्या जुन्या घरांना नंबर देऊन ती पाहुण्यांना दाखवायला ठेवली. वाटाड्या नाही, बाण बघत ज्यानं त्यानं फिरायचं. सुकरीला बाण कशाला हवेत? तरी ती बाणांमागूनच चालली. तिला भीती वाटत होती.

घरचा देव हलवायचा तर आधी त्याला विचारायचं, त्यानं कौल दिला तरच उचलायचं, अशी त्यांच्यात रीत. गाव उठलं त्या दिवशी ट्रकवाला घाई करत होता. दसरूनं न विचारताच लोखंडाचा देव उचलला. तेव्हापासून वसाहतीत कोंबडं झालं, पूजा झाली, देव मुका तो मुकाच. लोखंड तेवढं ट्रकमध्ये चढलं, देव घरीच राहिला, असं दसरूच्या मनानं घेतलं होतं. तिथं असलाच तर माफी मागून, रीतसर विचारून न्यायचा. तो आहे का, एवढंच सुकरीला पाहून यायचं होतं.

चार नंबरचं घर. देवखोलीवर पाटी, 'अवश्य पाहा'. आत बुटांसकट माणसं. सुकरी उंबऱ्याशी थबकली. लग्न होऊन नवऱ्याच्या देवांत गेलेली लेक माहेरच्या देवखोलीत पाऊल टाकत नाही. टाकलं तर देव तिथल्या तिथं आडवं करतो.

"आजी, फोटोत येताय. जरा आत सरका ना," ऊर्जानगरहून आलेली एक बाई म्हणाली, आणि तिनं सुकरीला हलकेच आत सारलंही.

डोळे गच्च मिटून सुकरी उभी राहिली. फोटो निघाला. माणसं पाच नंबरकडे गेली.

फाटकाशी दसरू उठून उभाच होता. "हाय ना देव तिथी?"

"दादा, मी देवखोलीत गेली. ढकललं मले."

"मंग?"

"काईच नाई झालं मले." सुटकेनं तिला हसूच आलं.

दसरू मटकन बाकावर बसला.

"म्हणजे इथीबी नाई," तो म्हणाला.