वायर

डॉक्टरीणबाईंची गाडी अंगणात थांबली तशी मार्टा बाहेर आली. आपल्या जुन्या फोर्डची वायर काढून तिने ती पाहुण्या गाडीला लावली. उणे तीसच्या थंडीत इंजिनाला विजेची ऊब मिळाली नाही, तर नंतर गाडी काही केल्या सुरू होत नाही. घरात लग्न असो की मरण, यॉर्कटनमध्ये आधी पाहुण्याच्या गाडीला वायर लावायची, मग कॉफी विचारायची.

"मार्टा, तुमच्या अर्जाचं..." डॉक्टरीणबाई चाचरल्या. "मनाच्या आजारासाठी इच्छामरणाचा कायदा पुन्हा पुढे ढकललाय."

"वाचलं पेपरात. आज माझ्यासाठी नाही ना आलात? चला आत, गारठाल."

आत खिडकीजवळच्या पलंगावर मार्टाची मोठी बहीण स्टेफी उशीला टेकून बसली होती. कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांच्या हातून जायचा आजचा दिवस तिने स्वतः ठरवला होता. डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात थांबल्या, दोघी बहिणींना एकटं सोडून.

"बटाट्याच्या सारणाच्या त्या पेरोगी संपल्या का गं?" स्टेफीने विचारलं.

"फ्रीजर भरलाय. तुझ्या चर्चमधल्या बायकांना दम कुठला! तू गेल्यावर आणायच्या त्या आधीच आणून टाकल्यात."

"मग खा. टाकू नकोस."

मार्टा पलंगाच्या कडेला बसली. "लहानपणी नवा कोट तुला, उतरलेला मला. हेही उतरलेलंच मिळणार का मला?"

"हे नाही मिळणार. मी देणारच नाही."

"तू कोण देणारी? तुझा कॅन्सर फोटोत दिसतो. तीस वर्षं माझ्या डोक्यात जे चाललंय त्याचा फोटो निघत नाही, म्हणून मी थांबायचं. दर वेळी थोडं थांबा, अजून थोडं थांबा."

खोटा दिलासा द्यायचा स्टेफीचा स्वभाव नव्हता. ती म्हणाली, "रोज संध्याकाळी गाडीला वायर लावत जा. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या वॉल्टरच्या खिडकीतून दिसते ती. लावलेली दिसली नाही की तुझं दार वाजवायचं, असं त्याला सांगून ठेवलंय मी."

"म्हणजे पहारा बसवलास माझ्यावर?"

"बसवला. लावशील ना?"

मार्टाने तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"मला भीती वाटतेय गं," स्टेफीने तिचा हात धरला. "मरायची नाही. तुला इथे एकटीला टाकून जायची."

डॉक्टरीणबाई आत आल्या. शेवटचं म्हणून त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. स्टेफी मार्टाकडे बघतच "हो" म्हणाली. सगळं शांतपणे झालं. तो हात मार्टाने बराच वेळ सोडला नाही.

डॉक्टरीणबाई निघाल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. गाडीत बसल्या, आणि वायर तशीच लावलेली ठेवून निघाल्या. दर हिवाळ्यात इथे कोणी ना कोणी हा वेंधळेपणा करतंच, आणि मग वसंतापर्यंत त्याची टिंगल चालते. वायर ताणली गेली, तुटली. अर्धी गाडीमागे फरफटत रस्त्याला लागली, अर्धी बर्फात पडून राहिली. मार्टाने खिडकीतून पाहिलं. तिला हसू आलं नाही.

नंतर माणसं आली आणि स्टेफीला घेऊन गेली.

अंधार लवकर पडला. मार्टा स्वयंपाकघरात उभीच होती. फ्रीजर घुरघुरत होता. तिने दिवा लावला नाही. कधीतरी तिने खुंटीवरचा हाताला लागला तो कोट अंगात चढवला. तो स्टेफीचा होता, बाह्या लांब होत होत्या. ती रस्ता ओलांडून गेली आणि वॉल्टरचं दार वाजवलं.

दार लगेच उघडलं. म्हातारा दारामागेच उभा असावा.

"जास्तीची वायर आहे का? माझी तुटली."

"आहे की." तो आत जाऊन घेऊन आला. "सकाळी कुठे जायचंय?"

"कुठेच नाही."

वॉल्टर वायरीचं वेटोळं तिच्या हातात देत म्हणाला, "ठेव तुझ्याकडेच. मला दोन कशाला हव्यात?"

"नको. सकाळी परत आणून देते," मार्टा म्हणाली. "उद्या लागली, तर पुन्हा मागायला येईन."