एका पोत्याची चांदी

"तोंड सोड त्याचं," नीकानोर म्हणाला.

बासिलियानं पहिल्या पोत्याची दोरी सोडली. आत काळपट, जड दगड. नीकानोरनं एक उचलला, जिभेच्या टोकानं चाटला आणि बाजूला थुंकला.

"हे आणलंस? याची भिंत बांध, बाई."

"भट्टी तुमची, तोंडही तुमचंच. पण आधी वितळवा, मग बोला, मालक."

पोतोसीच्या डोंगराखाली छोट्या खाणवाल्यांचा दगड वितळवून देणाऱ्या भट्ट्या दोन-चारच, त्यातली ही एक. बासिलियाचा नवरा तेओफिलो डोंगरातल्या एका अरुंद बोगद्याचा मालक होता. खोकून खोकून तो गेला आणि बोगदा हिच्या नावावर आला. आज ती तीन पोती लामांच्या पाठीवर लादून उतरली होती.

चांदी तिला अंगावर घालायची नव्हती. तिला बापाचं कुरण परत हवं होतं. एका जत्रेत नीकानोरनं म्हाताऱ्याला दारू पाजून कागदावर अंगठा उठवून घेतला होता. तेव्हापासून तिच्या धाकट्या बहिणीचे लामा सडकेकडेचं वाळकं गवत खुरडत होते. या हिवाळ्यात नऊ मेले.

"बऱ्यापैकी चांदी निघाली तर ती तुमची, कुरण माझं. ठरलंय ना?"

"निघाली तर!" नीकानोर हसला. "तेओफिलो आठ वर्षं उंदरासारखा उकरत होता. काय घावलं त्याला? खोकला." मग त्याची नजर तिच्या शालीवर गेली. "आणि शालीला हा निवडुंगाचा काटा काय टोचलायस? तुझ्या आईच्या चांदीच्या पिना होत्या ना, चांगल्या पळीएवढ्या? विकून खाल्ल्यास?"

"झिजल्या," बासिलिया म्हणाली. "भट्टी पेटवा. मी इथंच बसणार आहे. तुमच्या हातांवर माझा डोळा आहे, एवढं ध्यानात ठेवा."

"ठेव की. डोळ्याला काही भाडं नाही."

त्यानं एक पोतं कुटलं, निवडलं, चाळलं. भुकटी मुशीत भरली. मग हात कमरेवर ठेवून तो उभा राहिला.

"चरबी आणलीस का? का देवीलाही उपाशी ठेवणार?"

बासिलियानं ओच्यातून लामाच्या चरबीचा गोळा काढला. कोकाच्या पानांत गुंडाळलेला, चांगला मुठीएवढा. मुशीतला पहिला घास पाचामामाचा, धरणीमातेचा. तो दिल्यावाचून इथं कुणी भट्टी लावत नाही. आणि ज्याचा दगड त्यानंच तो द्यायचा, परक्याचा हात लागला की ते उष्टं. नीकानोर कुणाला भीत नसे, पण या देवीला भ्यायचा.

"मोठा आणलास. लाच देतेस होय तिला?"

"ती तुमच्यासारखी नाही, मालक."

दोन्ही हातांनी तिनं गोळा मुशीत सोडला, हात जोडून कपाळाला लावले. चरबी तडतडली, पिवळी ज्योत उठली, धूर डोंगराकडे गेला.

दगड वितळला. वरची मळी फोडून नीकानोरनं तळाशी बसलेलं, चांदी पोटात घेतलेलं शिसं काढलं आणि हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवून पुन्हा आचेवर चढवलं. शिसं राखेत जिरतं, चांदी वर उरते. दुपार कलली तरी बासिलिया हलली नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही.

"ऊठ," नीकानोर अचानक म्हणाला. "चांदी डोळा उघडतेय. डोंगराकडं तोंड कर."

"मी बघणार आहे."

"दगडवाल्यानं तेव्हा बघायचं नाही, ही रीत मोडणार? मग बोगदा बसला की माझ्या नावानं रडू नकोस."

ती उठली. वाटीकडे पाठ करून डोंगराकडे वळली. चार दिशांना दारू शिंपडली, सावकाश, प्रत्येक दिशेला नाव घेऊन.

तिच्या पाठीमागे नीकानोर वाटीत बघतच राहिला. जर्दाळूएवढी चांदी! एका पोत्यात! वीस वर्षांत त्यानं असा दगड पाहिला नव्हता. चिमट्यानं त्यानं ती उचलून राखेच्या बादलीत दडवली आणि खिशातला चांदीचा एक बारीक मणी वाटीत टाकला.

बासिलिया वळली. वाटीत मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी चमकत होतं.

"एवढीच?"

"तुझ्या नवऱ्याएवढीच."

ती वाटीवर वाकली. मग ओरडली, "चोरा! तू खाल्लीस माझी चांदी!"

"बघितलंस खाताना?"

डोळ्यांना शालीचा पदर लावून ती हुंदके देत राहिली. नीकानोरनं तिला रडू दिलं. मग आवाज जरा खाली आणला.

"हे बघ, मी काही राक्षस नाही. बोगदा मला लिहून दे, कुरण तुझं. ही पोतीही इथंच टाक, ओझं कशाला नेतेस?"

"बोगद्यात काही नाही म्हणता, मग तुम्हाला कशाला हवा?"

"हत्यारं ठेवायला."

"माझ्या माणसानं जीव घातलाय तिथं. नाही देणार." ती उठली, लामाची दोरी धरून दारापर्यंत गेलीसुद्धा.

नीकानोर आडवा आला. "आज, आत्ता. उद्यापासून त्या कुरणात माझी मेंढरं चरतील."

तिनं एकवार डोंगराकडे पाहिलं. मग दोरी सोडली.

खाणवाल्यांच्या संघाच्या कचेरीत दोन्ही कागदांवर अंगठे उठले, शिक्के बसले. बाहेर पडताना नीकानोर हसून म्हणाला, "सुटलीस बाई, आता उकरायला नको."

"तुम्ही उकरा, मालक," ती म्हणाली. "देवी यश देवो."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरणाचं फाटक उघडलं. लामा धावत आत शिरले आणि माना खाली घालून चरू लागले. धाकटी बहीण फ्रोइलाना आधी हसली, मग रडली, मग तिचं लक्ष शालीतल्या काट्याकडे गेलं.

"अक्का, आईच्या पिना गं?"

बासिलियानं ओच्यातून लोखंडी कानस काढली. कानशीच्या दातांत चांदीची पांढरी चकाकी अडकली होती. ती तिनं गवतावर झटकली आणि बोट मातीला लावून कपाळाला लावलं.

"धरणीला मी खोटं काही दिलं नाही," ती म्हणाली. "दोन्ही पिनांचा कीस त्या चरबीतच मळला होता."