बाहेरगावी

"बाबा ना? बाबा बाहेरगावी गेलेत," मुलानं सांगितलं, आणि पडद्यामागे बसलेल्या बापाचा काच घासणारा हात थांबला.

पडदा म्हणजे एक निळं कापड. त्याच्या पलीकडे चष्म्यांचं दुकान. अलीकडे काचा घासायचं यंत्र, एक स्टूल आणि तो. पस्तीस वर्षं तो काउंटरमागच्या खुर्चीत बसून लोकांच्या नाकांवर चष्मे बसवत आला होता. गेले दहा दिवस त्या खुर्चीत मुलगा बसत होता.

"बाहेरगावी? आणि ते कशाला?" आवाज बाईंचा होता. मुलाच्या शाळेतल्या बाई, आता सत्तरीच्या पुढच्या.

"असंच, नातेवाइकांकडे. जरा हवापालट."

हवापालट! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मस्तकात तरी तिला जागा कुठे होती? कपाळाच्या मधोमध टाक्यांची उभी रेघ होती, आणि तिथलीच बोटभर रुंद कातडी खाली वळवून नाकाच्या शेंड्यावर शिवलेली होती. साधा फोड म्हणून वर्षभर ज्याला मलम चोळलं तो कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी तो मुळासकट काढला आणि उरलेलं भोक कपाळाच्या कातडीनं बुजवलं. भुवईपाशी ती कातडीची पट्टी अजून जोडलेलीच होती, कारण नव्या नाकाला रक्त तिथूनच मिळत होतं. तीन आठवड्यांनी कापायची. तोवर कपाळापासून नाकापर्यंत हे मांसाचं दोरखंड घेऊन हिंडायचं. भूल देण्याआधी डॉक्टरांनी चकचकीत कागदाचा साचा कापून कपाळावर आखून घेतला होता, तेव्हा त्याला धीर आला होता. काचांसाठी तोही साचे कापायचा; साचा कापणाऱ्या माणसावर त्याचा विश्वास होता.

विश्वास उडाला तो घरच्याच माणसावरचा. "गिऱ्हाईकं बिचकतील हो, बाबा," असं म्हणत मुलानं पहिल्याच सकाळी स्टूल स्वतःच्या हातानं आत नेऊन ठेवलं होतं. "आणि तुम्हाला चष्मा तरी कुठे घालता येतोय सध्या?" ते खरंच होतं. पट्टी नाकाच्या मुळावरूनच उतरत होती. चष्मा टेकवणार कशावर? तो मुकाट्यानं आत जाऊन बसला होता. आता त्याला सगळ्यात जास्त राग आपल्या त्या मुकाट्यानं जाण्याचा येत होता.

"हा सारखा घसरतोय रे," बाई सांगत होत्या. "वाचायला मान खाली घातली की आलाच पुस्तकावर."

"काड्या ढिल्या झाल्यात, बाई. आवळून देतो."

बारका स्क्रू फिरल्याची कुरकुर ऐकू आली. काड्या नव्हेत रे गाढवा, नोजपॅड! बाईंच्या नाकाचं हाड डावीकडे जरा दबलेलं आहे, तिथलं पॅड आत घ्यावं लागतं. हजारदा सांगून झालं होतं. दातओठ खायचीसुद्धा सोय नव्हती; ओठ ताणला की नाकावरचे टाके ओढत.

"आता बघा."

"कानामागे टोचतोय," म्हणत बाईंनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"होईल सवय."

सवय होईल! तो उठला, आणि त्यानं पडदा असा ओढला की दोन कड्या तुटून खाली पडल्या.

मुलगा पांढराफटक पडला. "बाबा, आत जा ना," तो कुजबुजला.

"ऊठ."

"बाबा, अहो, बाई आहेत समोर."

"ऊठ म्हणतो ना!"

मुलगा उठला. चष्म्याशिवाय बाईंना हातभर अंतरावरचा माणूसही धूसर दिसायचा. त्या आवाजाच्या दिशेनं वळून हसल्या. "अरेच्चा, चष्मेवाले! आहात की तुम्ही."

तो आपल्या खुर्चीत बसला. मुलानं आवळलेल्या काड्या त्यानं पुन्हा सैल केल्या, डावं पॅड अंगठ्यानं किंचित आत दाबलं, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा दाबलं. डोळ्यांवर चष्मा नाही म्हणून काही अडलं नाही. हे काम बोटांचंच होतं.

आता फक्त चष्मा चढवायचा राहिला. गिऱ्हाइकाच्या हातात चष्मा देऊन मोकळं व्हायची त्याची पद्धत नव्हती. तो स्वतःच्या हातानं चढवायचा आणि समोर बसून बघायचा. म्हणजे बाईंना पहिल्यांदा दिसणार होता तो त्याचाच चेहरा. हात मध्येच अडला.

मुलानं ते बरोबर टिपलं. "आणा इकडे, मी घालतो," तो हळूच म्हणाला. "तुम्ही जा आत. कशाला उगाच?" बोलला मायेनंच. त्या मायेची बापाला किळस आली.

त्यानं चष्मा बाईंच्या डोळ्यांवर चढवला.

बाईंनी पापण्या मिटल्या, उघडल्या. त्यांची नजर कपाळावर गेली, पट्टीवरून खाली सरकली, नाकाच्या शेंड्यावरच्या काळ्या टाक्यांवर थांबली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यानं मान वळवली नाही. बघू दे. नीट बघू दे.

मग त्यानंच कधीतरी शिकवल्याप्रमाणे बाईंनी मान खाली घातली, दोनदा जोरात हलवली आणि वर केली. चष्मा जागचा हलला नव्हता.

"दुखतं?" त्यांनी विचारलं.

"दुखतं."

बाईंनी मान डोलावली आणि मुलाकडे वळल्या, वर्गात वळायच्या तशा.

"कुठल्या गावाला गेले होते म्हणालास?"

मुलगा काउंटरच्या काचेतून खालच्या फ्रेमांकडे बघत राहिला.

"सांग ना," बाप म्हणाला. "मलाही कळू दे."