आप्पांची पाळी

तलावाचं पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत पडद्यावर चित्र दाखवणारा नवा सूक्ष्मदर्शक आला होता. जुना उद्या भंगारात जाणार होता. त्यातून शेवटचं एकदा बघावं, म्हणून सगळे जेवायला गेल्यावर ती स्टुलावर बसली. याच टेबलापाशी तिच्या वडिलांची, आप्पांची, उभी हयात गेली होती. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

काचेवरच्या थेंबात शेवाळाच्या हिरव्या काड्या होत्या आणि त्यांना मण्यांसारखे चिकटलेले परजीवी. बारीक मूळ आत घालून ते शेवाळाला पोखरून खातात.

"आले बघ घरजावई," आप्पा म्हणायचे. "बसल्या जागी घर रिकामं करतील."

लहानपणी ती भिंगावरचा डोळा हटवायचीच नाही. मग आप्पा टेबलावर नखाने दोनदा टकटक करायचे आणि थेंब थरथरायचा. "सरक, आता माझी पाळी." जाड चष्मा काढून ते भिंग आपल्या नजरेला जुळवून घ्यायचे. तिची पाळी यायची तेव्हा सगळं धुरकट.

"आप्पा, परत बिघडवलंत तुम्ही," ती कुरकुरायची.

आत्ता थेंब थरथरला. स्थिरावला. पुन्हा थरथरला.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

बाहेरून एखादी जड गाडी गेली असेल, असं तिने मनाशी म्हटलं. तरी जुन्या सवयीने ती स्टुलावर जराशी सरकलीच. "घ्या, बघा," असं पुटपुटून स्वतःशीच हसली.

मग तिने पुन्हा भिंगाला डोळा लावला.

सगळं धुरकट होतं.