लागण

घरात कुणाला विचारायचं नाही आणि गावाच्या ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं, ही नेहाची खोड कस्तुराबाईला मुळीच पसंत नव्हती. नात म्हणून तरी किती पोटात घालायचं. आता त्याच खोडीपायी नेहाचा बाप, कस्तुराबाईचा एकुलता लेक ज्योतीराम, अंगणात उताणा पडला होता आणि बबनराव त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता.

बबनरावाच्या दारातला कडुलिंब शेंड्यापासून वाळत आला होता. परवा तो मोडून गोठ्यावर पडला आणि खाली दुभती म्हैस मेली. वाडीतले बाकीचे लिंबही तसेच जळाल्यासारखे उभे होते. नेहा ताथवड्याच्या कॉलेजात शिकायची. रोग झाडाझाडांतून कसा गेला ते तिनं कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं आणि सकाळी ग्रुपवर नकाशा टाकला. हिरवे ठिपके, लाल ठिपके, मधून काळी रेघ. विजेच्या तारांखालच्या फांद्या ज्योतीराम तोडायचा. कुठल्या झाडानंतर कुठलं तोडलं ते त्यानंच लेकीला आठवून सांगितलं होतं, म्हणून रेघेवर तिनं मोठ्या अक्षरांत त्याचं नाव दिलं: लागणीचा मार्ग, ज्योतीराम.

इकडं चाकणच्या पट्ट्यात लागण कांद्याची करतात. वाफ्यात बसून हातानं रोप लावायचं. वाडीनं नकाशा तसाच वाचला. रोग ज्योतीरामनं लावला.

"लावलास का न्हाई?" बबनरावानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तोंडावर ठोसा हाणला. ज्योतीरामचा दात ओठातून बाहेर आला.

नेहा मधे पडत होती, ढकलली जात होती, पुन्हा मधे पडत होती. बबनकाका, लागण म्हणजे लावणं नव्हे, रोग लागणं, असं ती घसा फोडून सांगत होती. दोष बाबांचा नाही, कोयत्याचा आहे. आजारी झाडावरचं पातं न धुता पुढच्या झाडावर पडलं, तेवढंच झालंय.

एवढ्यातला कोयता तेवढा बबनरावाच्या कानात शिरला. ज्योतीरामचा कोयता भिंतीला टेकलेलाच होता. बबनरावाबरोबर आलेल्या त्याच्या दोघा पुतण्यांनी ज्योतीरामचा उजवा हात ओढून धुण्याच्या दगडावर दाबून धरला. बबनरावानं कोयत्याची पाठ बोटांवर घातली. हाडं फुटल्याचं रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. रस्त्यात आडव्या लावलेल्या त्यांच्या मोटरसायकलींमागं कंपनीची बस अडकली होती. खिडक्याखिडक्यांतून मोबाइल वर झाले. खाली कुणी उतरलं नाही.

बबनरावानं कोयता फिरवला. आता धार खाली होती.

कस्तुराबाईनं न्हाणीच्या चुलीतलं पेटतं लाकूड उपसलं आणि बबनरावाच्या मानेवर टेकवलं. टेकवलं आणि दाबलं. कातडं चरचरलं, केस भुरकन पेटले, कोयता दगडावरून घरंगळत खाली गेला. पुतण्यांनी हात सोडला. तिनं लाकूड त्यांच्या तोंडापुढं धरलं, आणि बबन्या, तुझ्या बापाचा बाप या अंगणात ताक मागाया यायचा, इथपासून सुरुवात केली. तिघंही मोटरसायकलींकडं पळाले. बस लगेच हलली.

नेहानं ओढणी फाडली. बोटं कुठं संपतात आणि दगड कुठं सुरू होतो ते तिला दिसत नव्हतं. ज्योतीरामनं रक्त थुंकलं.

"आये, तिला बोलू नगंस," तो म्हणाला. "खरंच माझ्याच हातनं ग्येलं आसंल त्ये. झाडाझाडाला कोण कोयता धुतंय."

नेहानं मोबाइल काढला. आजी, मी टाकते ते पुसून, आत्ताच पुसते, असं ती हुंदक्यांतून म्हणत होती. रक्तानं बोट घसरत होतं, पडदा हलत नव्हता.

कस्तुराबाईनं लाकूड चुलीत परत सारलं. पदरानं लेकाचं तोंड पुसलं. मग नातीकडं वळली.

"त्यानं कोयता धुतला न्हाई, आन् तू शबुद. लेक त्याचीच हायेस."