लखलखीत डबा

युद्धसंग्रहालयातलं नवं यंत्र गंजात मुरलेले आवाज ऐकवायचं. कपाटातलं शत्रूच्या शिपायाचं गंजकं हेल्मेट सकाळपासून आईला हाका मारत होतं. शेवंताबाईंनी रणांगणावरून एकटाच परत आलेला नवऱ्याचा जेवणाचा डबा आशेने पुढे केला.

संग्रहालयाचे ढवळेसाहेब चरकले. "आजी, हा तर लखलखतोय."

"मग? दर दिवाळीला चिंच लावून घासते. त्यांच्या वस्तूला गंज चढू देईन होय?"

ढवळ्यांनी तरीही यंत्र लावलं. घासल्याच्या ओरखड्यांत उरलेल्या गंजातून शेवंताबाईंचाच तरुणपणीचा आवाज आला, "अहो, यंदा पोरगी शाळेत जायला लागली."

शेवंताबाईंनी डबा जवळ ओढला.

"हे माझंच झालं, साहेब. त्यावर ते काय म्हणाले, तेवढं ऐकायचं होतं."