भरवशाचा गाडीवाला

“हिच्यात खोट काय आहे?” धाकट्याने विचारलं.

“खोट?” विक्रेत्याने कानाला हात लावला. “साहेब, एकदम टकाटक गाडी आहे. डोळे झाकून घ्या.”

धाकट्याने डोळे उघडे ठेवले आणि तो बाहेर पडला. आणखी एक दुकान झालं. जुन्या गाड्या विकणारे सगळे एकाच मास्तरांकडे शिकल्यासारखे बोलत होते. एकाकडची गाडी डॉक्टरांची, दुसऱ्याकडची प्राध्यापकांची, आणि कुठल्याच गाडीला जन्मात ओरखडा पडलेला नव्हता. एक जण तर पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला निघाला होता. पोरगं तिथे नव्हतं म्हणून वाचलं.

धाकटा वैतागला होता. गाडी थोरल्या भावासाठी घ्यायची होती, आणि थोरल्याला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. “तू बघशील ती घेऊ,” एवढंच म्हणून त्याने पैसे हातात ठेवले होते. एका गाडीवर तीन जिवांचा प्रश्न होता: भाऊ, वहिनी आणि पुतणी. धाकट्याला त्यापायी झोप लागत नव्हती. त्याला खोट तोंडावर सांगणारा माणूस हवा होता, आणि अख्ख्या बाजारात तसा एकही सापडत नव्हता.

तो सापडला बाजाराच्या टोकाला, पेट्रोल पंपामागे. पत्र्याची शेड, मोजक्या गाड्या, आणि चष्मा कपाळावर चढवून खुर्चीत बसलेले एक काका. धाकट्याने काही विचारायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

“पांढरी चांगली आहे, पण महाग आहे. लालचं इंजिन तेल पितं. त्या करड्या गाडीच्या वाटेला जाऊ नका, पुरात बुडून आलीय.”

“आणि निळी?”

“चालवून बघा.”

धाकट्याने निळी शेडभोवती फिरवून आणली. गाडी झकास पळत होती, ब्रेक जिथल्या तिथे लागत होते.

“आवडली?” काकांनी विचारलं.

“आवडली.”

“मग आता खाली वाका. दिसतं तसं नसतं.” काका स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत खाली बसले आणि त्यांनी बॅटरीचा उजेड गाडीखाली टाकला. “ही ब्रेकची नळी. गंजाने खाल्लीय.”

धाकटा जमिनीवर आडवा झाला. नळीला बोट लावलं, तर पापुद्रे हातात आले.

“पण ब्रेक तर लागतात, काका.”

“सपाटीवर लागतीलच. उतारावर पाय सारखा ब्रेकवर असतो. तिथे फुटेल. आणि सांगून फुटत नाही.”

“आधी काहीच कळत नाही?”

“काही म्हणजे काही नाही. पाय तळाला जातो, तेव्हाच कळतं.”

धाकट्याने उठून कपडे झटकले. त्याला भरून आलं होतं. इतकी वणवण केल्यावर शेवटी एक खरं बोलणारा माणूस भेटला होता. काकांचे पाय धरावेत असं त्याला वाटलं.

काकांनी चहा मागवला. “तुम्ही काय करता?”

“दादाचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथेच असतो, शाळा सुटली तेव्हापासून.”

“भागीदारीत?”

“नाही. वडिलांनी त्याच्या एकट्याच्या नावावर केलं.” धाकट्याने चहा फुंकला. “पण माझ्यावाचून तिथलं पान हलत नाही. वहिनीच सांगते चारचौघांत.”

“आणि गाडी कशासाठी?”

“वहिनीचं माहेर डोंगरापलीकडे आहे. तिघं उद्या सकाळी निघतील.”

“तुम्ही नाही जात?”

“दुकान कोण बघणार?”

काकांनी मान डोलावली. त्यांना माणूस पसंत पडला होता.

“पांढरी आम्हाला झेपायची नाही,” धाकटा म्हणाला. “निळीचं बोला. नळीचा खर्च वजा करून.”

काकांनी आकडा सांगितला.

“नळी बदलायची म्हणजे ब्रेकचं तेलही आलं. मजुरी वेगळी.”

काका थोडे खाली आले.

“एक नळी गंजली म्हणजे बाकीच्याही बघाव्या लागणार.”

काका आणखी खाली आले आणि हसायला लागले. “माझी खोट मलाच विकताय की हो!”

“तुम्ही सांगितलीत म्हणून.”

“खरं बोललं की असं नुकसान होतं.” पण काका खूश होते. “दोन दिवस राहू द्या. मीच नळी घालून देतो.”

“आमच्या कोपऱ्यावरच मिस्त्री आहे. आज करून टाकेल.”

“आधी त्याच्याकडे न्यायची, मग घरी. शब्द द्या. हवं तर भावाशी मी बोलतो.”

“नको, दादा उगाच घाबरेल.” धाकट्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “शब्द दिला, काका.”

काकांनी किल्ली दिली.

गाडी दारात आली तेव्हा अजून ऊन होतं. पुतणी चपला न काढता मागच्या सीटवर चढली आणि उड्या मारायला लागली. वहिनीने तिला एक धपाटा घातला आणि मग स्वतःच आत बसून बघितलं. थोरला गाडीभोवती फिरला. टायरला त्याने हळूच लाथ मारली, कारण गाडी घेताना तसं करतात एवढंच त्याला ठाऊक होतं.

“माणूस भरवशाचा होता ना रे?”

“एकदम. एक शब्द खोटा बोलला नाही.”

थोरल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याने कोपऱ्याकडे बघितलं.

“मिस्त्री सकाळपासून मागे लागलाय, गाडी आली की आधी मला दाखवा म्हणून. नेऊन आणू का?”

“कशाला?” धाकटा म्हणाला. “मी सगळं बघून आणलीय. तुम्ही सकाळी बिनघोर निघा.”